मुल्लानपूरचे कोरडे रविवार

सर,

तेराव्याला इथल्या मराठी मंडळातले चारपाच जण तुमच्याबद्दल बोलले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. "जाऊ दे, त्याला नाही बोलता येणार, सरांचा लाडका विद्यार्थी होता," असं मागून कोणीतरी म्हणालं. खरं तर मला बोलता आलं असतं. पण मला जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही नव्हता.

ते असं आहे. आपण दोघांनी जे शेअर धरून ठेवायचं ठरवलं होतं, त्यांतले माझे मी दिवाळीच्या आधीच विकले. तुम्हाला सांगितलं नाही. पुढे ते लपवायला मी दर रविवारी तुमच्याशी एक शब्द खोटा बोललो. त्या शब्दावर विसंबून तुम्ही तुमचे शेअर तसेच ठेवलेत, सांगलीला जाणं पुढे ढकललंत, आणि जानेवारीत इथेच गेलात.

मंडळाच्या अंकात हे लिहू का, असं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ." म्हणून लिहितो आहे.

वसमतहून मी चंदीगडला आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. एम. एस्सी.च्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी 'बांधकाम व्यावसायिक' असं लिहिलं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत.

"म्हणजे बिल्डर आहेत?"

"नाही सर. गवंडी आहेत."

"मग गवंडी लिही की लेका. भिंत ओळंब्यात उभी करणारा माणूस आहे तो. मला नाही येत."

मी खोडून गवंडी लिहिलं. त्या दिवसानंतर या शहरात मला बापाचं काम लपवावंसं वाटलं नाही. पुढे तुम्ही माझं इंग्रजी सुधारलंत, पहिल्या हिवाळ्यात तुमचा जुना कोट दिलात, मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना माझ्या बुटांकडे बघून "आधी हे पुस" म्हणालात. पण सगळ्यात आधी तो एक शब्द तुम्ही दुरुस्त करायला लावला होतात. तुमच्याशी मी पहिलं खोटं बोललो ते त्या फॉर्मवर. शेवटचं कोणतं, ते पुढे येईलच.

निवृत्तीनंतर विद्यापीठाचं क्वार्टर सुटलं आणि तुम्ही सेक्टर अडतीसमध्ये भाड्याने राहायला लागलात. दोन वर्षं इथे काढायची, तोवर निवृत्तीचे थोडे पैसे शेअरमध्ये वाढवायचे, आणि मग सांगलीला विश्रामबागेत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, असा बेत होता. तुम्ही दोन कंपन्या निवडल्यात. एक जमिनी घेऊन घरं बांधून विकणारी, दुसरी तिच्यासारख्यांची बांधकामाची कंत्राटं घेणारी. दोघींचं काम शहराबाहेर मुल्लानपूरला एकाच जागी चाललेलं होतं. वनस्पतिशास्त्राचा माणूस, त्यामुळे तुम्ही त्यांची नावंसुद्धा झाडांची ठेवलीत. घरंवाली म्हणजे वड, कंत्राटवाली म्हणजे बाभूळ. तिसरी एक भराभर वाढणारी होती, तिला तुम्ही निलगिरी म्हणालात आणि हात लावला नाहीत. "शेजारच्याचं पाणी पिऊन वाढते ती. कर्ज बघ तिचं."

मीही माझ्या पगारातून वड आणि बाभूळ घेतले. मला शेअरमधलं काही कळत नव्हतं. तुम्ही घेतले म्हणून घेतले.

"हर्बेरियमच्या कपाटात बसून झाड कळत नाही," हे तुम्ही वर्गात सांगायचात. शेअरच्या बाबतीतही तेच. कंपन्यांचे अहवाल तुम्ही वाचायचात, पण विश्वास ठेवायचात तो रविवारच्या फेरीवर. मी मोहालीहून मोटरसायकल घेऊन यायचो, काकू थर्मास हातात द्यायच्या आणि दारातून म्हणायच्या, "या बघून लोकांच्या भिंती. घरातल्या न्हाणीची ओल मी बघते." मग आपण मुल्लानपूरच्या रस्त्याला लागायचो. एका बाजूला गव्हाची शेतं, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि मागच्या सीटवरून तुमचं व्याख्यान.

नियम तुमचा होता, पण तो आला माझ्या घरातून. पहिल्याच फेरीत तुम्ही विचारलंत, "तू गवंड्याचा मुलगा. चांगलं काम ओळखायचं कसं, सांग." मी म्हणालो, "बाबा म्हणतात, पाणी बघायचं. सिमेंट सगळेच घालतात. ओतल्यानंतर रोज पाणी कोण मारतं ते बघायचं. पैसा संपत आला की मालक आधी पाणी मारणारी माणसं कमी करतो, कारण ते लगेच दिसत नाही." तुम्ही तिथेच वही काढलीत. खांबांना गुंडाळलेलं गोणपाट ओलं आहे का, स्लॅबवर मातीचे वाफे घालून पाणी साठवलंय का, हे दर रविवारी बघायचं आणि लिहायचं. पाणी आहे तोवर विकायचं नाही. पाणी थांबलं की दुसऱ्या दिवशी विकायचं. बाजार काही म्हणो.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या फोनवरून बाबांशी बोललात. पंधरा मिनिटं, नुसतं गोणपाटावर. फोन ठेवताना बाबा मला म्हणाले, "लेकरा, एवढा शिकलेला माणूस मला भिंतीचं इचारायला." त्यांचा आवाज वेगळा झाला होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. चांगलं होतं तेही सांगायचं राहिलं.

साइटचा चौकीदार आधी आपल्याला गिऱ्हाईक समजायचा. "बाबूजी, फ्लॅट लेना है?"

"नहीं जी. बस देखने आते हैं."

"हर इतवार?"

"हर इतवार. देखने का टिकट लगता है क्या?"

तो हसायचा. पुढे पुढे तो आपल्यासाठी दोन विटांवर फळी टाकून ठेवायला लागला. त्या फळीवर बसून आपण चहा प्यायचो. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतके चांगले रविवार झाले नाहीत.

मग बाजार पडायला लागला. आधी थोडा, मग रोज. घरांच्या आणि बांधकामाच्या कंपन्या सगळ्यांत जास्त पडल्या. वड निम्म्याच्या जवळ आला, बाभूळ त्याच्याही खाली. केतकीचा बेंगळुरूहून फोन यायचा. ती इथेच वाढलेली, मराठी समजतं पण बोलते हिंदीत. "पापा, बेच क्यों नहीं देते? सब बेच रहे हैं." तुम्ही स्पीकर लावून माझ्याकडे बघत म्हणायचात, "पानगळ झाली म्हणून झाड तोडतात का गं? आमचा भागवत बघ. पगार बेताचा, घरी लहान मूल, तरी हलला नाही."

तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी हललेलो होतो, सर. पाच दिवस झाले होते.

कारण काय सांगू? घरात आजारपण नव्हतं, कोणाचं लग्न नव्हतं. मी घाबरलो, एवढंच. प्रयोगशाळेत सेंट्रीफ्यूज लावला होता, दहा मिनिटं थांबायचं होतं. फोन उघडला, लाल आकडे पाहिले, आणि सेंट्रीफ्यूज थांबायच्या आत दोन्ही शेअर विकून मोकळा झालो. गोणपाट ओलं होतं तेव्हा. आपल्या नियमाप्रमाणे विकायचं काही कारण नव्हतं. त्या दुपारी मी पोटभर जेवलो, हे आठवून आज जास्त लाज वाटते. घरी बायकोला, मंगलला, सांगितलं तर ती म्हणाली, "सरांना कळवलंत ना?" मी हो म्हणालो.

तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही केतकीला माझं उदाहरण दिलंत आणि त्यानंतर मला ते जमलं नाही. तुमच्या नजरेत मी टिकणारा माणूस होतो. तसं या शहरात मला दुसरं कोणी म्हटलं नव्हतं.

एकदा मी वळसा घालून बोलायचा प्रयत्न केला होता. आपण फळीवर बसलो होतो. मी म्हणालो, "सर, झाड आणि कंपनी यांत फरक आहे. झाड जागा सोडत नाही. कंपनीतली माणसं गुपचूप निघून जातात आणि बाहेरून कळत नाही."

"म्हणून तर आपण बघायला येतो."

"पण बघणाराच चुकला तर?"

तुम्ही कपातला चहा संपवलात. मग म्हणालात, "हा चांगला प्रश्न आहे. पुढच्या रविवारी बोलू." पुढच्या रविवारी आपण दुसऱ्याच गोष्टींवर बोललो. मी आठवण केली नाही.

दिवाळी झाली. साइटवरचे बहुतेक मजूर छठच्या सणासाठी गावी गेले, दरवर्षी जातात तसे. त्या रविवारी गोणपाट कोरडं होतं. तुमच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा व्हायचा होता. लांबचं तुम्हाला नीट दिसत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "पाणी मारलंय का, भागवत?"

मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "चल, उद्या दोघं मिळून विकू. फोन आण तुझा." आणि फोनमध्ये विकायला काही नव्हतं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. शिवाय मनाशी म्हणालो, मजूर गावी गेलेत, आठ दिवसांत परततील, पुन्हा पाणी सुरू होईल. एका रविवारचा प्रश्न आहे.

"मारलंय सर," मी म्हणालो.

तुम्ही वहीत लिहिलंत.

छठ होऊन गेली. मजूर परतले नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या अर्ध्या बंद राहिल्या. मिक्सर एकाच जागी उभा. स्लॅबवरच्या वाफ्यांची माती फुटून वाऱ्याने उडाली होती. चौकीदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "ठेकेदार का पेमेंट अटका है, भाईसाब. बाबूजी को बता देना." मी मान हलवली आणि तुमच्याजवळ येऊन बसलो. तुम्ही विचारलंत, "काय म्हणत होता?" मी म्हणालो, "थंडीचं बोलत होता."

डिसेंबरमध्ये धुकं पडायला लागलं. मग तर दहा पावलांवरचं मलाही दिसत नव्हतं. तरी तुम्ही कोट, मफलर, टोपी घालून तयार असायचात. काकू चिडायच्या, "या धुक्यात काय दिसणार आहे तुम्हाला?" तुम्ही म्हणायचात, "मला नाही, त्याला दिसतं." मी खांबापर्यंत चालत जायचो. गोणपाटाला हात लावायचो. हाताला कोरडी धूळ लागायची. ती पँटला पुसून परत यायचो.

"आहे का?"

"आहे सर."

शेवटच्या आधीच्या रविवारी तुम्ही चहा ओतता ओतता थांबलात. "एक विचारू? माझा धीर सुटत चाललाय. तुझ्या काकूला तिकडे जायचंय. तिची बहीण थकली आहे. विकून टाकू का? आहे त्या भावाला? तू सांग."

त्या वेळी एक शब्द पुरला असता. विका. कारणही सांगायची गरज नव्हती. पण 'विका' म्हटलं की तुम्ही "आणि तू?" विचारलं असतंत.

"पाणी चालू आहे सर," मी म्हणालो. "थांबू या."

"बरं. तू आहेस तर थांबू."

त्यानंतर एक मंगळवार गेला आणि दुसऱ्या मंगळवारी सकाळी काकूंचा फोन आला. तुम्ही ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत असताना खाली बसलात आणि उठला नाहीत. मी पोचलो तेव्हा तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथे पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. केतकी दुपारच्या विमानाने आली. स्मशानात माणसं बरीच होती. विद्यापीठातले, मंडळातले, तुमच्या गल्लीतले सरदारजी. मी खांदा दिला. चालताना माझ्या डोक्यात एकच हिशोब होता, की आता हे कोणाला कधी कळणार नाही. सर, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. ते फार थोडा वेळ वाटलं, पण वाटलं. तुमच्यापाशी काही लपवायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून हेही लिहितो.

केतकी तेरावं उरकून परत गेली. जाताना म्हणाली, "भागवत भैया, मम्मी के पेपर्स आप देख लेना, प्लीज. पापा को आप पे ही भरोसा था."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. काकूंनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. मृत्यूचा दाखला, बँकेचे कागद, आणि तुमची वही. मी समजावून सांगितलं, की शेअर आधी त्यांच्या नावावर होतील, त्यासाठी सेक्टर सतरामधल्या ऑफिसात अर्ज द्यावा लागेल, काही आठवडे जातील. त्यांनी ऐकून घेतलं. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"यांचं अक्षर मला लागत नाही. शेवटी काय लिहिलंय ते वाच. त्यावरून ठरवू, विकायचे का ठेवायचे."

वनस्पतीचा नमुना गोळा केला की कोणी पाहिला, कोणी आणला, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, ही तुमची आयुष्यभराची सवय. डोळे अधू झाल्यावर तुम्ही तेच केलं होतंत. प्रत्येक रविवारी तारीख, हवामान, आणि पुढे: 'पाणी आहे. पाहणारा: भागवत.' मी पानं उलटत गेलो. धुकं. पाणी आहे. पाहणारा: भागवत. दाट धुकं. पाणी आहे. पाहणारा: भागवत.

"वाच की," काकू म्हणाल्या.

मी वही मिटली. "काकू, हे खरं नाही."

मग सगळं सांगितलं. शेअर कधी विकले, का विकले, चौकीदार काय म्हणाला, सरांनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं. सांगताना मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो, त्यांच्याकडे नाही. झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस कोरडं होतं?"

"छठपासून. पुढे सगळे रविवार."

"म्हणजे नोव्हेंबरात आम्ही विकले असते."

"हो."

"आणि डिसेंबरात सांगलीला असतो."

त्या उठून खिडकीशी गेल्या. बाहेर भाजीवाल्याशी शेजारीण पंजाबीत घासाघीस करत होती. काकू तिकडे बघत बोलल्या.

"हे मला म्हणाले होते, पाणी थांबलं की विकायचं आणि निघायचं. त्यांचा शब्द होता तो. म्हणून मी कटकट करायची नाही असं ठरवलं होतं. रविवारी तुम्ही दोघं गेलात की मी देवापुढे बसायचे. काय मागायचे माहीत आहे? आज कोरडं असू दे. तुझी गाडी वाजली की मी दारात यायचे, हे चपला काढता काढता म्हणायचे, पाणी आहे. मग मी आत जाऊन कणीक मळायला घ्यायचे."

मी 'माफ करा' म्हणायला गेलो. तो शब्द इतका लहान वाटला की अर्ध्यात थांबलो.

"सांगलीच्या त्यांच्या भावांना शेवटचं बघता आलं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस तिकडेही गेला असता. हार्टचं दुखणं, कुठेही झालं असतं. ते तुझ्यावर नाही टाकत मी. पण दोन महिने आपल्या माणसांत राहिले असते. संध्याकाळी घाटावर गेले असते. ते दोन महिने तू आमच्याकडून घेतलेस."

नंतर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि अर्जाचा कागद पुढे घेतला. "आता सांग. विकू का ठेवू? आणि खरं सांग."

"मला माहीत नाही काकू," मी म्हणालो. "साइट बंद पडली आहे एवढं मला माहीत आहे. भाव आणखी पडेल का वर येईल, ते मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "नावावर झाले की विकते. जे येतील ते येतील."

अर्ज भरून झाला, आम्ही दोघं सेक्टर सतराला जाऊन देऊन आलो. रिक्षातून उतरताना पायरी उंच होती तेव्हा त्यांनी माझा हात धरला. उतरल्यावर सोडला.

मार्चमध्ये त्या सांगलीला चालल्या आहेत, सर. फ्लॅट नाही, बहिणीच्या घरातली मागची खोली. सामान बांधायला मंगल रोज जाते आहे. स्टेशनवर मात्र येऊ नको, असं मला सांगितलंय. तुम्ही असता तर मध्ये पडला असतात. "अगं, पोरगं आहे ते, येऊ दे की," म्हणाला असतात, आणि त्या तुमच्यावर चिडून का होईना, हो म्हणाल्या असत्या. आमच्या दोघांच्या मधलं बोलणं नेहमी तुमच्यामार्फतच व्हायचं, हे आता लक्षात येतं. माझी बाजू घेणारा या शहरात एकच माणूस होता, आणि मी फसवलं तेही त्यालाच.

मी स्टेशनवर जाणार नाही.